बर्फाची जाडी

नोव्हेंबरातला मंगळवार. मिशिगनचं उत्तर टोक.
आयला केस्किटालो चौथ्या तासाला आली
बूट न झटकता,
आणि डोरीन लाहटीच्या ऑफिसातल्या गालिच्यावर
दोन पावलांचं पाणी हळूहळू पसरत गेलं.

फाइल आधीच उघडी होती.
सरासरी: चारपैकी तीन पूर्णांक एक.
परीक्षा: छत्तीसपैकी चोवीस.
छत्तीसपैकी चोवीस गुणांवर कुठेतरी लग्नं ठरतात,
इथे मात्र डोरीन चष्मा कपाळावर सरकवते
आणि कागदाच्या तीन घड्या घालते:
आवाक्याबाहेरची. जुळणारी. हमखास.
एकोणीस वर्षं घालते आहे.
आता न बघताही
अंगठ्याचं नख सरळ रेषेत फिरतं.

"आवड काय लिहू?"
मुलगी खिडकीबाहेर बघते. पार्किंगमध्ये
कुणीतरी गाडीची काच खरवडतंय.
"बर्फ."
"म्हणजे स्कीइंग? हॉकी?"
"नाही. बर्फ."

संगणकाच्या यादीत आवडींच्या एकशे बारा चौकटी.
घोडेस्वारी आहे. वादविवाद आहे.
मधमाश्यासुद्धा आहेत.

मग ती दप्तरातून वही काढते,
पुठ्ठ्याला मासळीचा वास.
तारीख, वारा, भोक कुठे पाडलं, जाडी किती.
चार इंच: माणूस चालतो.
सहा: स्नोमोबाइल.
बारा: बाबाचा ट्रक, तोही काचा खाली करून.
काळा बर्फ पुरता धरायचा, पांढरा निम्मा.
दोन हिवाळे. एक रविवार चुकलेला नाही.

डोरीनचं बोट दहावीच्या उन्हाळ्याआधी अडतं.
दोन डी, एक सी.
अलीकडे-पलीकडे ठीकठाक आणि मधेच खड्डा.
"हे कॉलेजांना समजावून सांगावं लागेल. काय झालं होतं?"
"मार्चमध्ये बाबा बर्फातून खाली गेला."
थोडा वेळ फक्त हीटर बोलतो.
"आहे. पाय तेवढा गेला."
आणि लगेच, उत्तरातली चूक दुरुस्त करावी तशी,
"सात इंच होता. पण पांढरा."

डोरीनने पहिल्या घडीत एक नाव खूण करून ठेवलं होतं:
पूर्वेला, समुद्राकाठी, हिमनद्यांची प्रयोगशाळा,
शीतगृहात हजारो वर्षांपूर्वीचा बर्फ
नळकांड्यांत आडवा झोपलेला.
रात्री घरी बसून शोधलं होतं तिने,
सूप गार होईपर्यंत, वही पाहण्याच्याही आधी,
कुणीतरी म्हणालं होतं म्हणून
की ती पोरगी तळ्यावर काहीतरी करते.

आयला माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचते.
शिष्यवृत्तीचं पान दोनदा.
मग विचारते ते क्रमवारीचं नसतं:
"शुक्रवारी चारला निघाले, तर घरी कधी?"
डोरीन नकाशा उघडते. "शनिवारी. संध्याकाळी."
"आणि हे, जुळणाऱ्यातलं?"
"साडेआठ. रस्ता साफ असला तर."
"रस्ता बाबाच साफ करतो," ती म्हणते,
"म्हणजे, करायचा."

अंथरूण पाहून पाय पसरावेत,
हे डोरीनच्या ओठांवर येतं, दरवर्षी येतं,
वेगळ्या शब्दांत तिच्या आईनेही सांगितलेलं.
ती गिळते.
सतराव्या वर्षी पाय वाढत असतात अजून,
आणि अंथरूण कुणी मोजलं, कुठल्या हिवाळ्यात,
याची नोंद कुठल्याच फाइलीत नसते.

शुक्रवारी कागद परत आला,
घड्या हाताने चापून सपाट केलेल्या.
प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने आकडा.
डोरीनला आधी वाटलं, पसंतीचा क्रम.
मग दिसलं, हमखासपुढे चौदा.
साडेआठवाल्यापुढे नऊ, काळा.
समुद्राकाठच्यापुढे
तीन. पांढरा.

पण नाव खोडलेलं नव्हतं.
खाली, बारीक अक्षरात, वहीतल्यासारखं:
जानेवारीत पुन्हा मोजेन.