मापाचा तळ

गुरुवारी गिदान मगाजीच्या बाजारात
मी भाव विचारत फिरते.
बाजरी, चवळी, शेळी, एका दिवसाची मजुरी.
विकत काहीच घेत नाही,
म्हणून पोरं मला म्हणतात
फुकट विचारणारी बाई.

फोनवर फॉर्म आहे, फॉर्मला अठ्ठावीस रकाने.
पहिला रकाना: बाजरी, एक तिया.
तिया म्हणजे जर्मनचा वाडगा,
शीग लावून अडीच किलो.
सगळा नायजर याच वाडग्याने
खातो, उसनं घेतो, फेडतो.

आठशे फ्रँक, म्हणाला अल्हाजी चाइबू.
मागच्या गुरुवारी आठशे.
त्याच्या मागच्या गुरुवारीही आठशे.

राजधानीतून लामीनूचा फोन:
'बाजार स्थिर दिसतोय, हाब्सू. छान.'
त्याच्या पडद्यावर आमचा जिल्हा पिवळा आहे.
नारिंगी झाला की ट्रक भरायला घेतात,
आणि ट्रक पोचायला
दीड महिना लागतो.

दुपारी घरं.
देलूच्या अंगणात रांजणात अंझाची फळं भिजत होती.
कडूपणा जावा म्हणून चार दिवस पाणी बदलायचं,
नाहीतर पोट फिरतं.
मी वाचलं: गेल्या सात दिवसांत किती दिवस
रानातलं खाऊन भागवलं?
शेजारी सून बसलेली, नवी.
'लिही, एक दिवस,' देलू म्हणाली.
मी रांजणाकडे पाहिलं नाही.
एक लिहिलं.

निघताना ती दारापर्यंत आली.
'आठशेच देते. वाडगा तोच, माझा हात तोच.
पण दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पेज पोचत नाही.
चाइबूची बाजरी
वाटेत चालून दमते वाटतं.'

पुढच्या गुरुवारी मी घरचा वाडगा नेला
आणि पाण्याचा कॅन.
चाइबूचा वाडगा उपडा केला:
बुडाला आत गेलेला खोलगट ठोका,
कुणी मूठ दाबून ठेवावी तसा.
माझा वाडगा काठोकाठ भरून त्याच्यात ओतला.
त्याचा भरला. माझ्यात दोन पेले उरलं.
सहावा हिस्सा.
उरलेलं पाणी कुणाचातरी पोरगा पिऊन गेला.

चाइबू चिडला नाही.
'ट्रकवाल्याने भाडं वाढवलं. सीमा बंद.
भाव वाढवला असता तर पहिला दगड माझ्याच दुकानावर.
तळ वर घेतला, कुणी ओरडलं नाही.'
मग हळूच: 'बाकीच्यांचेही बघ.'

सात दुकानं, सात तळ.
बाजारात लोहार एकच आहे.
मापात पाप म्हणावं
तर ते इतकं सारखं वाटलेलं
की बोट ठेवायला जागा नाही.

भावाच्या रकान्यात आकडाच बसतो.
आठशे.
खाली शेरा लिहायला दीड ओळ असते, तिथे लिहिलं:
तळ दोन बोटं वर आला आहे.

लामीनूचा फोन: 'विहिरीचा ना?
पाणी वर आलं असेल तर चांगलीच बातमी.'
मी म्हटलं, आठशे नाही, नऊशे साठ धर.
तो थोडा वेळ गप्प होता. मागे पंखा ऐकू येत होता.
'मोजलेलं पाठव, हाब्सू. हिशोब केलेलं नको.'

मोजलंच होतं, म्हणायचं राहिलं.
रेंज गेली, किंवा त्याने ठेवला.

तेव्हापासून माझा वाडगा पिशवीत असतो.
बायका धान्य घ्यायच्या आधी
माझ्याजवळ येऊन त्याच्या बुडाखाली हात फिरवतात,
घ्यायचं ते चाइबूकडूनच घेतात.

परवा देलूने तो मागून नेला.
एका दिवसासाठी, म्हणाली.
अजून परत आलेला नाही,
आणि मी, विचारणारी बाई,
विचारायला गेलेले नाही.