चाळीसाला एक

भट्टीच्या रांगेत, वॉशिंग मशीनच्या पत्र्यांखाली,
कौतिकाबाईला आधी तिचे पाय दिसले.
"मिस्तरी, इकडं या. हिला चाकं न्हाईत,
पुढं दोन पाय हायेत आन् मागं रबराचा पट्टा.
कोण्या जनावराची गाडी म्हणावी ही?"

कंटेनर कुठून आला ते कागदावर होतं,
कागद सुपरवायझरकडं, सुपरवायझर जेवायला.
मी शर्टाच्या बाहीनं काजळी पुसली.
हॅण्डल होतं. सीट होतं, उसवलेलं.
किलोच्या भावानं मागितली, एकशे नव्वद भरली.
काटेवाला हसला, "काश्मीरला निघालात का?"

जालन्यात माझं आयुष्य गेलं
लुना, राजदूत, टमटमच्या पोटात हात घालून.
टू-स्ट्रोक कुठल्याही मुलखाचं असो,
मागतं तेच: ठिणगी, पेट्रोल, दम.

तजम्मुलनं दोरी ओढली. दोरी हातात आली.
बोअरच्या मोटारीचा दोर कापून बसवला.
प्लगच्या भोकावर अंगठा धरला: दम होता.
ठिणगी नव्हती. मग होती. मग नव्हती.
वायर उंदरानं कुरतडलेली, तिकडच्या उंदरानं,
एअर बॉक्समध्ये त्याचं घरटं निघालं,
सुयांसारखी पानं, एक करडं पीस.
कौतिकाबाईनं हुंगलं,
"धूप जाळल्यावानी वास येतो की वं."

कार्बोरेटरात पेट्रोलचा गूळ झालेला.
पंपाचा पडदा फाटलेला. ट्यूबच्या रबराचा केला,
तो दोन तासांत फुगला;
दुसरा बायकोच्या गुडघ्याच्या एक्स-रेतून कापला,
तो टिकला.

बॉनेटच्या आत चिकटपट्टी, तिच्यावर पेन्सिलीनं काहीबाही.
तजम्मुलला इंग्रजी येतं,
म्हणाला, चाचा, ही इंग्रजी नव्हे.
पण आकडे वाचता आले.
४०:१. एक बाण. मग वजा ३१, खाली दोनदा रेघ.
चाळीस पेट्रोलला एक ऑइल, हे मलाही पाठ.
वजा एकतीस कशाचं, ते काही कळेना.

सुरू झाली! विटांवर ठेवलेली, पट्टा अधांतरी,
निळा धूर शेजारच्या वेल्डिंगवाल्याच्या चहात.
दीड मिनिट चालली, घुसमटली, मेली.
प्लग काढला: ओला, डांबरासारखा काळा.
पुसला. पुन्हा दीड मिनिट.
फ्लोट बघितला, चोक बघितला,
रीडच्या पात्या उजेडाला धरून बघितल्या,
सगळ्यांना शिव्या घातल्या
आणि तजम्मुलला चार वाजताच घरी पाठवलं.

रात्री लाइट गेली. गच्चीवर उघडा पडलो होतो,
कितीही ओढा, हवा छातीत भरत नव्हती.
तसाच उठून बसलो.
हवा.
तिकडची हवा घट्ट असणार, कवडीच्या दह्यासारखी,
तिच्या मापानं कुणीतरी पेट्रोल बेतून ठेवलेलं.
इथं तिला मिळतेय मे महिन्याची,
पाणी घालघालून वाढवलेलं ताक.
वजा एकतीस.
पानात वाढणारा हात अजून तिकडचाच होता.

सकाळी यामाहाच्या भंगारातला बारका जेट घातला.
पहिला नाही, दुसरा नाही, तिसरा लागला.
अकरा मिनिटं चालली. मीच बंद केली.
कौतिकाबाई डबा अर्धा टाकून आलेली,
धुराला पदर लावून उभी.
"आता हिला नेणार कुठं?"
कुठं नाही, म्हटलं.
"मग काहून इतकं?"
मी पाना पुसत राहिलो. पाना स्वच्छच होता.

त्या पट्टीखाली आमची एक पट्टी चिकटवली:
४०:१, बाण, ४३. तजम्मुलचं अक्षर.
जुना जेट काडेपेटीत घालून फळीवर ठेवलाय.
डिसेंबरात पहाटे जालन्यात
कधीकधी आठापर्यंत उतरतं.