सात वाजताचा आकडा

ओढ्याच्या पुढे, एकलहऱ्याच्या चिमण्या
हाताच्या अंतरावर वाटाव्यात अशा जागी
आमचं उपकेंद्र आहे.
दर तासाला मीटर बघायचा, वहीत आकडा लिहायचा,
पुढे सही. एकोणीस वर्षं.
खाडाखोड झालीच, तर शेजारी
लाल शाईत कारण लिहावं लागतं.

मंगळवारी दोन गाड्या आल्या.
एक दिल्लीच्या चॅनेलची,
दुसरी कुठल्याशा थंड देशातली.
दिल्लीवाल्यांनी कॅमेरा लावला सौर पॅनेलकडे,
परदेशवाल्यांनी चिमणीकडे.
पाठीला पाठ घासेल इतके जवळ दोघे,
आणि मधे मी, चहाची किटली घेऊन,
दोन्ही चौकटींच्या बाहेर.

दिल्लीवाला इंदुबाई बागुलला म्हणाला,
मावशी, पुसताना जरा हसा.
ती म्हणाली, फडकं कोरडं आहे दादा,
टँकर आला की हसते.
मग त्याने स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं
एकाच पॅनेलवर.
बाकीच्या तीनशे अठ्ठ्याण्णवांवर
वीटभट्टीची आणि आमच्या रस्त्याची धूळ तशीच.
ते एक मात्र असं लखलखलं
की मलाही क्षणभर खरं वाटलं.

परदेशी माणूस धुराची वाट बघत होता.
नेमका एक संच दुरुस्तीला बंद,
दुसरा विडी ओढावी तितकाच धूर सोडत होता.
चार वाजेपर्यंत थांबला बिचारा.
शेवटी हिरामण बोडकेच्या भट्टीचा धूर पुढे घेतला,
चिमणी मागे,
आणि खूश होऊन गेला.

रात्री तनुजाने मोबाइल दाखवला.
*निम्मा देश हिरव्या विजेवर!*
खाली तिरंग्याच्या रंगांत पंख्यांची पाती फिरत होती.
बाबा, निबंधात लिहू का?
पण निम्मा म्हणजे कशाचा निम्मा?

मी म्हटलं, लग्नात आचारी सांगतो ना,
माझ्याकडे हजार पानांची भांडी आहेत.
तसं आहे हे.
भांडी मोजली त्यांनी.
पंगतीला किती जेवले,
ते या बातमीत नाही.

मग सगळं खोटंच का?
तिने पेन्सिल टेबलावर आपटली.
तिला वाटलं, बापाला काहीच पटत नाही.

नाही गं.
ऐक, दुपारी एक वाजता
कधीकधी मीटरवर आकड्याच्या आधी उणे येतं.
म्हणजे गाव वीज घेत नसतं,
उलटी वर पाठवत असतं.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं मीटर बिघडला,
मी साहेबांना फोन केला,
आणि फोन ठेवल्यावर अंगावर काटा आला.
ज्याचा आनंद व्हावा असं दुसरं उणं
मला ठाऊक नाही.
त्या वेळी कॅमेरे कुठे होते?
आडगाव नाक्यावर. मिसळ खात.

आणि सात वाजता
सूर्य घरी गेलेला, घराघरात मिक्सर, टीव्ही, मोटारी,
आकडा चढत जातो दम लागल्यासारखा
आणि ओढ्याच्या यार्डातून ऐकू येतात
कोळशाच्या वाघिणी, एकीवर एक आदळताना.
एक वाजताचं आणि सात वाजताचं
माझ्या वहीत एकाच पानावर असतं,
एकाच निळ्या शाईत.
हे पान कुणी मागितलं नाही.
मीही पुढे केलं नाही, हे कबूल.
साहेबांची परवानगी लागते, आणि
खरं सांगायचं तर मला घरी जायचं होतं.

बुधवारी इंदुबाईने विचारलं,
आले का हो मी टीव्हीवर?
म्हटलं, हात आले.
तिने हात उलटे करून बघितले, मग सुलटे.
बरे दिसले का?
ओले दिसत होते, म्हटलं.
ती हसली, पुसताना,
आणि कॅमेरा नव्हता.

टँकर त्या दिवशीही आला नाही.