नांगराची खूण

शारजात, रोल्याच्या मागच्या गल्लीत,
कुन्हम्मदच्या टायपिंग सेंटरमध्ये
मी दिवसभर उजवीकडून अरबी आणते, डावीकडून इंग्रजी,
आणि मधल्या रेघेवर दोघींची गाठ घालून देते.
मध्ये पासपोर्ट साइझचा चेहरा,
मागे पांढरा पडदा, कान दिसायलाच हवेत.
मराठी कुणी मागत नाही.

शुक्रवारी लवू परब आला.
घाम सुकेपर्यंत दाराशीच उभा.
मग खिशातून फोन, फोनमधून फोटो.
"चेडवाच्या शाळेत प्रकल्प हा, बाय.
माझे बाबा काय करतात."
एक पान. सोमवारच्या आत.

फोटोत एकविसाव्या मजल्याची परांची,
पिवळं हेल्मेट, पाठीमागे धुरकट समुद्र,
आणि खांद्यावर हात. नुसता हात.
हाताचा धनी कधीतरी कुणीतरी कडेने कापलेला.
मी पार्श्वभूमी काढली. समुद्र गेला, परांची गेली,
लवू कशावरही उभा नव्हता.
हात काढू का?
"ऱ्हवांदे. नियामतचो तो. गेलो."
कुठे, ते मी विचारलं नाही.

आधी फोटो ओळीतच ठेवला, एखाद्या अक्षरासारखा.
ओळ ताठली; दोन शब्दांच्या मध्ये
लवू दिव्याच्या खांबासारखा.
मजकुराच्या मागे धाडला, तर
'पहाटे चारला बस येते' त्याच्या कपाळावरून गेलं.
पुढे आणला, तर पगाराचा आकडा बुटाखाली झाकला.
"ह्या बरा," तो हसला.

शेवटी घट्ट गुंडाळलं.
शब्द अंगालगत आले,
हेल्मेटच्या वळणाने वळले, कोपराशी थबकले,
'एकविसाव्या' मावला नाही, खाली उतरला.
नियामतच्या बोटांच्या फटीत
एक स्वल्पविराम जाऊन बसला.
"अंगाक लावू नको गे. वारो येवक होयो."
अंतर वाढवलं: शून्य पूर्णांक तीन सेंटिमीटर.
त्याच्या खोलीत दोन पलंगांना
एवढंही मिळत असेल की नाही.

पान झालं. ओठ हलवत वाचू लागला,
पहिल्याच ओळीशी अडला.
'या मे महिन्यात मी नक्की येणार आहे.'
"ही काड."
मी ओळ निवडली, पुसली,

आणि लवू गेला.
हेल्मेट, कोपर, ती पाच बोटं, सगळंच.
उरलेल्या ओळी त्या पोकळीतून सरळ धावल्या,
तिथे कधी कोणी उभंच नसल्यासारख्या.

परत आणला. दोन कळा, एक श्वास.
म्हटलं, हे बघा, परिच्छेदाच्या कडेला बारकी खूण.
फोटो दिसतो तिथे नसतो,
तो कुठल्यातरी ओळीला बांधलेला असतो.
ओळ पुसली की तोही.
स्क्रीनला नाक टेकेल इतका वाकून तो म्हणाला,
"हो नांगर मां!"

नांगरच.
माझ्या दापोलीत शेतात गेला तरी नांगर,
खाडीत टाकला तरी नांगर.
एक जमीन उलथतो, एक जमीन धरून बसतो,
आणि आम्ही दोघांना एकाच नावाने हाक मारतो.
इथून चार गल्ल्यांवर, धक्क्याला,
कच्छी खलाशांची गलबतं जुने फ्रीज आणि टायर भरून घेतात.
लवूने तिकडच्या भिंतीकडे पाहिलं.

"दुसरीकडे बांधूक येता?"
येतं. नांगर माउसने उचलला,
सहा ओळी खाली नेला,
'काचा बसवताना काचेत आधी आभाळ दिसतं, मग मी'
या वाक्यापाशी सोडला.
मग वरची ओळ पुसली.
तो होता.
मजकूर तेवढा थोडा वर सरकला.

पीडीएफ केली. म्हटलं, आता कुठल्याही फोनवर उघडा,
काही हलणार नाही.
दहा दिरहमची नोट काउंटरवर तळव्याने सपाट करत
तो म्हणाला, "कायच हलाचा नाय?"
नाही.
"बरा."
दार उघडलं तसा उकाडा आत आला.
त्याच्यामागे एक सिंधी म्हातारी उभी होती,
हातात फॉर्म, फोटोला डिंक लावून आणलेला.