व्यापारी मूल्य नाही

पहिली लिलावातली.
मोकाशी नावाच्या कुणाचं घरसामान ओहायोहून
न्हावा-शेव्याला लागलं, सोडवायला कुणी आलं नाही.
भाडं चढत गेलं, मग लॉट पाडले.
तिसऱ्या खोक्यावर माझ्याच अक्षरात :
जुनी मातीची भांडी. व्यापारी मूल्य नाही.

दोनशे ऐंशी रुपये. बोली मेव्हण्याच्या नावावर.

नेरूळला, ओट्यावर, वर्तमानपत्राचे बोळे सोडवत गेलो,
शहाण्णवच्या जानेवारीतले, बर्फाच्या बातम्यांनी भरलेले,
आणि आतून निघाली वीतभर फुलदाणी
जांभळी-काळी,
भाजण्याआधी तेल चोळलेल्या वांग्यासारखी.
शालन म्हणाली, “भरीत करायचंय का?”

बुडाशी इंग्रजी अक्षरं, एक आकडा,
आणि झिलईत बुडवताना जिथे धरली असेल तिथे
एका अंगठ्याएवढी जागा कोरडी, खरखरीत.
बाकी सगळी काच. तेवढीच माती.
मी माझा अंगठा ठेवून पाहिला.
मोठा पडला.

मग लागलंच ते वेड.
तुर्भ्याला इद्रिसच्या वखारीत परदेशी भंगार उतरायचं,
फोन करायचा, “साब, आईना आया.”
काकवीच्या रंगाची सुरई.
कैरीच्या सालीचा वाडगा.
कान तुटलेला एक पिवळा जग, त्यावर ओघळ,
जणू कुणी ओतता ओतता हाक आली म्हणून गेलं.
तकाकी नसेल त्याला मी हात लावत नसे.
मला हवी ती ओली वाटणारी झिलई,
जिच्यात आमची ट्यूबलाइट वाकून येते, पंखा येतो,
सेक्टर दहाची खिडकी जाळीसकट येते,
आणि मी, पोट पुढे, डोकं सुपारीएवढं.

मुलीच्या साखरपुड्याला शालनने
पहिलीत निशिगंध ठेवला.
सकाळी टीव्हीच्या टेबलावर पाण्याचं कडं.
मी चिडलो. मग भिंग घेऊन बसलो :
अंगभर केसासारख्या भेगा.
भट्टीतून निघाल्या दिवसापासून
माती आणि काच एकमेकींपासून सुटत होत्या,
घाई न करता.
अजूनही रात्री कधीतरी टिक् असा आवाज येतो.
“तुमची अमेरिकन उठली,” शालन म्हणते, कूस बदलते.

गेल्या मार्चमध्ये एक बाई आल्या. ऋता मोकाशी.
जुने कागद काढत काढत मेव्हण्यापर्यंत,
मेव्हण्याकडून माझ्यापर्यंत.
मला घाम फुटला.
न विचारता पहिलीच कपाटातून काढून पुढे ठेवली.
“ही होय? हिच्यात आई सुटी नाणी टाकायची.”
हात लावला नाही.
“कशात गुंडाळली होती?”

सामान बाबांनी बांधलेलं.
विमानाच्या आदल्या रात्री गेले.
त्या पेपरांत त्यांची शब्दकोडी होती.
इंग्रजी अडलं की चौकोनात मराठी अक्षर कोंबायचे,
पण रिकामा सोडायचे नाहीत.

ते बोळे मी रद्दीत घातले होते.
किलोला अडीच रुपये आले होते, तेही आठवलं.
बोललो नाही.

शालन उठली.
माळ्यावरची पत्र्याची पेटी, रजया, डांबरगोळ्यांचा वास,
आणि तळाशी अंथरलेलं एक पान.
पिवळं, कडा झिजलेल्या. कोपऱ्यात कोडं, पेन्सिलीत.
आडव्या सतराव्या ओळीत मधोमध एक ठसठशीत ‘ठ’.

बाई हसल्या बहुतेक. मी फुलदाणीकडे पाहत होतो,
तिच्यात त्या खूप लहान दिसत होत्या
आणि हातातलं पान खूप मोठं.

दोन्ही हातांनी धरून नेलं त्यांनी ते, लिफ्टपर्यंत.
फुलदाणी इथेच आहे.

पेटीचा तळ उघडा पडला होता.
शालनने आजचा पेपर घेतला, घडी मोडली,
थांबली, माझ्याकडे सरकवला.
“आधी कोडं सोडवा,” म्हणाली,
“मग अंथरते.”