पाकिटातला कागद

मानवतच्या दुकानात आठ वर्षं
हा कागद पाकिटातच ठेवून मी गोळ्या विकल्या.
कांद्याच्या पापुद्र्यासारखा, सोळा घड्यांचा,
मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं.

कालिंदानं आज तो काउंटरवर उलगडला.
"वाचा की ओ मॅडम, काय म्हणतोय?"

म्हणतोय, पस्तिशीनंतर सिगारेट ओढत असाल तर घेऊ नका.
ती हसली, तोंडाला पदर लावून.
"अन् मिश्री?"
मिश्रीचं कुठं लिहिलेलं नाही.
ज्यानं लिहिलं, त्याच्या गल्लीत बायका
सकाळी ओट्यावर बसून दात घासत नसाव्यात.

म्हणतोय, पोटरी दुखली तर...
"दुखणारच की. जिनिंगला दिवसभर उभं ऱ्हावं लागतंय."
दोन्ही?
ती थांबली. मागं बीपीच्या गोळ्यांना आलेले गुरुजी
भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.
"डावीच. परवापासून. चप्पल बी बसंना."

पाकीट मी गल्ल्याखाली सरकवलं.
परभणीची साडेचारची बस होती अजून.
"आजच जा. कागद दाखव, पाय दाखव,
मिश्रीचं तूच सांग."

गेली ती, डावा पाय जरा उचलत.
पैसे तसेच काउंटरवर, मोजून आणलेले,
नव्वदला दोन रुपये कमी.