नऊ नंबरची खुर्ची

विजेचं बिल, बियाण्यांचा कॅटलॉग,
आणि दोहोंच्या मध्ये काउंटीच्या शिक्क्याचा लिफाफा:
ज्युरीसाठी हजर राहावे. न राहिल्यास दंड.
एकतीस वर्षं मी पोरांना वेळेवर हजर केलं
पिवळ्या बसमधून, लेक सुपीरियरचं वारं अंगावर घेत.
आता माझी हजेरी.

कोर्टाच्या दारात प्लास्टिकचा ट्रे.
किल्ल्या, चष्मा, विणकामाच्या सुया.
सुया आत चालत नाहीत, म्हणाला रखवालदार,
आर्नी सावेला. दुसरीत असताना
वळणावळणावर ओकायचा माझ्या बसमध्ये.
"सॉरी, मिसेस कांगास."
अर्धा विणलेला मोजा त्याच्या खणात गेला.

खोलीत आम्ही अठ्ठेचाळीस.
व्हिडिओत झेंडा फडकला, कुणीतरी जांभई दिली.
मच्छीमार म्हणाला, बर्फ फुटतंय, माझी जाळी खाली आहेत.
दंतवैद्य म्हणाला, लोक तोंड उघडून वाट बघतायत.
एका मुलीनं नुसतं तान्ह्याचं वय सांगितलं,
न्यायाधीशबाई म्हणाल्या, जा.
माझ्याकडे सबब नव्हती.
नवरा गेला, बस गेली.
गुडघे आहेत, पण गुडघ्यांचं कोण ऐकतं.

चिठ्ठी निघाली. नऊ नंबरची खुर्ची.
तिथून तो दिसला:
बोटींची शेड जाळल्याचा आरोप,
दुसऱ्या कुणाचा तरी कोट, बाह्या आखूड.
वेस्ली तुओमेला.
"आरोपीला कोण कोण ओळखतं?"
निम्मे हात वर.
या गावात हात खाली ठेवणं
म्हणजेच खोटी साक्ष.

"तुम्ही कशा ओळखता, नऊ नंबर?"
म्हटलं, माझ्यामागची दुसरी सीट,
डावा हातमोजा कायम ओला.
"याचा तुमच्या निर्णयावर परिणाम होईल?"
म्हटलं, तेव्हा तो आठ वर्षांचा होता.
त्या पोराला ओळखते. या माणसाला नाही.
"निःपक्ष राहू शकाल?"
शब्द तोंडात धरून पाहिला,
गार पाणी दाताला लागावं तसा लागला.
म्हटलं, प्रयत्न करीन.
सरकारी वकील काहीतरी लिहीत होती,
ती लिहायची थांबली.

जे कुणी विचारलं नाही, ते असं:
फेब्रुवारी होता. बसची मागची काच फुटली.
मी बस कडेला घेतली, वळले, विचारलं, कुणी?
बेचाळीस पोरं, बेचाळीस तोंडांची वाफ.
हा उठला. "मी."
आणि मी तर आरशात पाहिलं होतं,
त्याच्या धाकट्या बहिणीनं भिरकावलेला डबा.
तरी मी त्याचंच नाव लिहिलं.
फॉर्मवर एकच ओळ होती,
आणि शाळेला उशीर होत होता.

आता तो म्हणतो, मी नाही.
त्यावरून काय ठरतं? काहीच नाही, कदाचित.
न केलेलं कबूल करणारं पोर
केलेलं नाकारणारा बाप्या होऊ शकतं.
शेड जळाली ती जळालीच, आतल्या तीन बोटींसकट.
पण हे सगळं घशाशी आलं होतं माझ्या,
आणि नेमकी तेव्हाच ती उठली:
"नऊ नंबरचे आभार मानून त्यांना मोकळं करावं."
कारण सांगावं लागत नाही. तसा नियमच आहे.

मी उठले, तेव्हा त्यानं वर पाहिलं.
ओळखलं की नाही, कोण जाणे.
सत्तावीस वर्षं झाली, शिवाय त्यानं मला
बहुतेक पाठमोरीच पाहिलेली.

आर्नीनं सुया परत दिल्या.
चार टाके सुटले होते.
मग एक कागद सरकवला: दिवसाचा भत्ता, गाडीचे मैल,
चेक टपालानं येईल, इथं फक्त नाव.
एकच ओळ.
पेन धरून मी किती वेळ उभी होते माहीत नाही,
मागे रांग लागली,
दंतवैद्यानं घड्याळ पाहिलं.
"मिसेस कांगास," आर्नी हळूच म्हणाला,
"तुमचंच लिहायचंय."